सागवानाचे आकडे वाचताना

प्रश्न : म्यानमार आणि भारताच्या लाकूड व्यापाराचे आकडे वर्षावार मांडले. २०१४ नंतर म्यानमारची गोल लाकडाची निर्यात एकदम खाली येते. तिथलं जंगल संपलं का? (विद्यार्थिनी, गोंडपिपरी)

जंगलाची हानी झाली आहेच, पण ती एका वर्षात अशी दिसत नाही. तिथे कायदा बदलला. १ एप्रिल २०१४ पासून म्यानमारने गोल लाकूड (न चिरलेले ओंडके) बाहेर पाठवायला बंदी घातली. बंदी येणार हे ठाऊक असल्यानं त्याआधी घाईघाईनं माल निघाला, म्हणून २०१३-१४ चा आकडा फुगलेला आहे. ते वर्ष पाया धरून घट मोजाल तर फसाल. शिवाय चिरलेलं लाकूड पुढेही जात राहिलं, ते वेगळ्या रकान्यात नोंदलं जातं. दोन्ही रकाने शेजारी ठेवा. २०२१ च्या लष्करी उठावानंतर अमेरिका आणि युरोपीय संघाने तिथल्या सरकारी लाकूड महामंडळावर निर्बंध घातले, तीही खूण तक्त्यावर करा.

प्रश्न : आलापल्लीचा साग घरात असताना आपण बाहेरून लाकूड का आणतो? (आरा मशीनवाले, मूल)

आपल्या सागाचा मान मोठा आहे. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी बल्लारशाहून साग गेला, हे तुम्ही जाणताच. पण १९८८ च्या वन धोरणानं जंगलाकडे आधी पर्यावरण म्हणून पाहायचं ठरवलं आणि १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं मंजूर कार्य आयोजनेशिवायची (वन विभागाच्या तोडीच्या आराखड्याशिवायची) तोड थांबली. इकडे शहरांत घरं मात्र वाढतच होती. म्हणून आपण ओंडके आणू लागलो, गुजरातेतल्या गांधीधामच्या आरा गिरण्यांत चिरू लागलो. म्यानमारचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक भारतच होता. म्यानमारला चिराईचं काम स्वतःच्या देशात हवं होतं, आपल्याला ते इथे हवं होतं. ही ओढाताण लक्षात आली की बंदीच्या पुढचे आकडे आपोआप उलगडतात. त्यानंतर आपण आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेच्या लागवडीतल्या सागाकडे जास्त वळलो. 'बर्मा टीक' आणि आपला 'सी. पी. टीक' (सेंट्रल प्रोव्हिन्सेसचा) अशी जुनी नावं बाजारात अजून चालतात, पण ओंडका कुठून आला हे कागदावर बघूनच घ्या.

प्रश्न : दोन देशांचे घनमीटर सारखेच का धरायचे? (शिक्षक, एटापल्ली)

धरू नका, आधी मोजणीची रीत विचारा. १२० सेंटिमीटर गोलाईचा, ३ मीटर लांबीचा ओंडका घ्या. चौथाई गोलाईच्या रीतीनं (गोलाईचा चौथा भाग ही बाजू धरून) ३० गुणिले ३० सेंटिमीटर गुणिले ३ मीटर, म्हणजे ०.२७ घनमीटर. खरं आकारमान भरतं सुमारे ०.३४. लाकूड तेच, टेपही तोच, आणि फरक पाचव्या हिश्श्याहून जास्त! चिरल्यावर भुसा नि साल जाऊन आणखी घट येते.

प्रश्न : धुऱ्यावरचा १५ वर्षांचा साग विकू का? (शेतकरी, अहेरी)

भाऊ, घाई करू नका. शेजारच्या कोणी तोडला असेल तर बुंध्याचं कापलेलं टोक बघा. मधला तपकिरी गाभा हाच पैसा, भोवतीचं पांढरट लाकूड टिकत नाही. या वयात ते पांढरं बरंच असतं. विकायचाच असेल तर वन विभागाची तोडीची परवानगी आणि वाहतूक परवाना हातात आल्याशिवाय कुऱ्हाड लावू नका.