संगीतकार मोत्सार्टच्या लहानपणच्या प्रसिद्ध जलरंगातील चित्राचा अर्थ कसा लावायचा? त्यात तो कुणाकडेच का बघत नाही?

चित्र कार्मोंतेल या फ्रेंच चित्रकाराचं, पॅरिसमधलं, १७६३ सालचं. 'कुणाकडे बघत नाही' यात फार खोल अर्थ शोधू नका. कार्मोंतेल बहुतेक सगळ्यांनाच एका बाजूनं, पूर्ण अंगानिशी रंगवायचा. ती त्याची सवयच.

मी आधी पाय बघतो. सात वर्षांचा वोल्फगांग, म्हणजे मोत्सार्ट, हार्पसिकॉर्डसमोर (पियानोसारखं जुनं वाद्य) बसलाय, अंगात मोठ्यांसारखा दरबारी कोट, पण पाय जमिनीला टेकत नाहीत, लोंबकळतायत! सगळं चित्र तिथं आहे. मागे वडील लिओपोल्ड व्हायोलिन घेऊन उभे. ते स्वतः व्हायोलिनवादनाच्या नावाजलेल्या पाठ्यपुस्तकाचे लेखक, तरी इथे साथीदार. बहीण नानर्ल हातात स्वरलिपीचा कागद धरून गातेय. ती खरं तर उत्तम वादक होती, म्हणजे वाद्यावरची जागा भावाला देऊन तिला गायला उभं केलंय. मला तरी हे खटकतं.

आता हेतू. कुटुंब युरोपच्या दौऱ्यावर होतं, मुलांच्या संगीताचं कौतुक हाच मुख्य आधार. १७६४ मध्ये या चित्रावरून कोरीव छापचित्र निघालं आणि लिओपोल्डनं ते प्रसिद्धीसाठी वापरलं. आजच्या भाषेत कार्यक्रमाचं पोस्टरच. त्यामुळे घरातला एखादा निवांत क्षण म्हणून ते वाचलंत तर फसाल. खांब, मागची झाडी, नीटनेटके कपडे, सगळं मांडलेलं आहे. लोंबकळणारे पायसुद्धा, बहुधा.