सूर्य रोज समोरून येत असेल, तर कार चालवताना कोणता गॉगल वापरावा?

आपण रोज सकाळी साडेसातला छत्रपती संभाजीनगरहून कारने जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत जाता आणि सायंकाळी परतता. दोन्ही वेळा सूर्य थेट डोळ्यांवर येतो. दूरचा मायनस सव्वाचा नंबर आहे. एका दुकानात आपल्याला उन्हात आपोआप काळी होणारी काच सुचवली, मित्र मात्र पोलराइज्ड घ्या म्हणतात, आणि यांपैकी योग्य काय, असे आपण विचारले आहे. मी परभणीत बावीस वर्षांपासून चष्म्याचे दुकान चालवतो आणि स्वतःही मराठवाडाभर गाडीने फिरतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपोआप काळी होणारी, म्हणजे फोटोक्रोमिक काच या कामासाठी घेऊ नका. ती काळी होते ती मुख्यतः अतिनील (यूव्ही) किरणांमुळे, आणि कारची पुढची काच दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा थर घालून बनवलेली असल्यामुळे ते किरण बहुतांशी तिथेच अडतात. त्यामुळे दुकानाच्या पायरीवर उभे राहून पाहिले तर ही काच सुरेख काळी होते आणि गाडीत बसल्यावर जवळजवळ पांढरीच राहते. शिवाय तापलेली फोटोक्रोमिक काच थंड काचेइतकी गडद होत नाही, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये गाडीत काय तापते हे आपण जाणताच. गाडीतही थोड्या गडद होणाऱ्या काचा मिळतात, पण त्या महाग असतात आणि समोरच्या सूर्यासाठी पुरेशा गडद होत नाहीत. पायी फिरणाऱ्या माणसाला मात्र मी फोटोक्रोमिक काच आनंदाने देतो.

पोलराइज्ड काचेविषयी आपले मित्र बरोबर सांगतात, पण अर्धेच. सिमेंटचा रस्ता, पुढच्या गाडीची मागची काच, पावसानंतर साचलेले पाणी अशा आडव्या किंवा तिरप्या पृष्ठभागावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाची कंपने बहुतांशी आडवी असतात, आणि पोलराइज्ड काचेतला पडदा नेमकी आडवी कंपनेच अडवतो. म्हणून रस्त्यावरची झळाळी एकदम उतरते. डॅशबोर्डचे पुढच्या काचेत पडणारे प्रतिबिंबही फिके होते. पण सूर्याचा थेट प्रकाश असा एका दिशेने कंप पावणारा नसतो. त्याच्यापुढे पोलराइज्ड काच साध्या रंगीत काचेइतकीच उपयोगी पडते, त्याहून अधिक नाही. त्यामुळे पोलराइज्ड गॉगल लावूनही समोरचा सूर्य डोळ्यांत घुसला, तर आपली फसवणूक झाली असे समजू नका.

आपला त्रास गॉगलइतकाच रस्त्याच्या दिशेमुळेही आहे. जालना संभाजीनगरच्या जवळजवळ थेट पूर्वेला आहे, म्हणून सकाळी जाताना उगवता आणि सायंकाळी येताना मावळता सूर्य समोर येतो. मार्च आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धात तो अगदी पूर्वेला उगवतो आणि पश्चिमेला मावळतो, तेव्हा त्रास सर्वाधिक होतो. डिसेंबरात तो सुमारे पंचवीस अंश दक्षिणेकडे आणि जूनमध्ये तितकाच उत्तरेकडे सरकलेला असल्याने थोडा दिलासा मिळतो. त्या कठीण आठवड्यांत शक्य असल्यास वीस मिनिटे मागे-पुढे निघा, सीट थोडी उंच करा म्हणजे सन-व्हायझर सूर्यावर नीट येईल, आणि पुढची काच आतून पुसा. आतून हे मुद्दाम सांगतो, कारण बाहेरची धूळ सर्वांना दिसते, पण डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून निघणाऱ्या वाफेची जी पातळ साय आतल्या बाजूस धरते, तीच समोरचा प्रकाश सगळीकडे विखुरते. डॅशबोर्डला चकचकीत करणारे पॉलिशही लावू नका.

आता काचेचा गडदपणा. मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याचीच, कारण गडद म्हणजे सुरक्षित हा समज गिऱ्हाइकांच्या मनातून काढणे फार अवघड जाते. आयएसओ १२३१२-१ या आंतरराष्ट्रीय मानकात गॉगलच्या काचांच्या शून्य ते चार अशा श्रेणी केल्या आहेत. श्रेणी २ ची काच १८ ते ४३ टक्के प्रकाश आत सोडते, श्रेणी ३ ची ८ ते १८ टक्के, आणि श्रेणी ४ ची फक्त ३ ते ८ टक्के. श्रेणी ४ गाडी चालवण्यासाठी चालत नाही. चांगल्या गॉगलच्या काडीवर आतल्या बाजूस हा श्रेणीचा आकडा छापलेला असतो. दुकानात मात्र उलटे बोलतात: "ऐंशी टक्के टिंट" म्हणजे वीस टक्के प्रकाश आत येतो, हे ध्यानात ठेवा. त्यात गाडीची पुढची काचही काही प्रकाश खाते. नियमानुसार तिच्यातून किमान ७० टक्के प्रकाश आलाच पाहिजे. म्हणजे वीस टक्क्यांचा गॉगल लावला तर डोळ्यांपर्यंत चौदा-पंधरा टक्के प्रकाश पोहोचतो, आणि पाच टक्क्यांचा लावला तर साडेतीन-चार टक्केच.

दुकान नवे असताना मी स्वतः असाच एक फार काळा गॉगल वापरत असे. मे महिन्यात दुपारी जिंतूरकडे जाताना लख्ख उन्हातून कडुनिंबांच्या दाट सावलीत गाडी शिरली, आणि त्या सावलीत सायकल हातात धरून चाललेले एक आजोबा मला अगदी जवळ येईपर्यंत दिसलेच नाहीत. ब्रेक लागला आणि कुणालाही काही झाले नाही. दोष उन्हाचा नव्हता. उजेडातून सावलीत जाताना डोळ्यांना जो क्षण लागतो, तो त्या काचेने लांबवला होता. तेव्हापासून गाडी चालवणाऱ्या कोणालाही मी श्रेणी ३ च्या पुढचा गॉगल देत नाही.

गडदपणाचा अतिनील संरक्षणाशीही संबंध नाही. पूर्ण पांढरी पॉलिकार्बोनेटची काच अतिनील किरण अडवते, तर रस्त्याकडेला मिळणारी काळी काच कदाचित अडवत नाही. उलट तिच्यामागे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि ते किरण अधिक आत जातात. "यूव्ही ४००", म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण अडवणारी काच, असे लिहिलेले असावे, पण चिकटपट्टीवर विश्वास ठेवण्याऐवजी एक ढोबळ परीक्षा करता येते. नोटा तपासण्याचा निळसर दिवा बहुतेक दुकानांत असतो. त्याखाली नोटेवरचे अंक आणि तंतू चमकतात. दिवा आणि नोट यांच्या मध्ये गॉगलची काच धरा; चमक मावळली तर काच आपले काम करते आहे. पोलराइज्ड आहे की नाही हे पाहण्यासाठी काच मोबाइलच्या पडद्यासमोर धरून हळूहळू फिरवा. एका कोनात पडदा काळवंडला पाहिजे. गाडीतला पडदा किंवा स्टँडवरचा मोबाइल याच कारणाने अंधारा दिसू शकतो, म्हणून गॉगल लावून तेही एकदा बघून घ्या. नंबरची काच बसवून झाल्यावर ती डोळ्यांवर लावून मान सावकाश डावी-उजवीकडे वळवा आणि दरवाज्याच्या चौकटीची उभी कड पाहा. काचेच्या मधल्या भागातून ती लाटेसारखी हलता कामा नये.

रंग तपकिरी किंवा राखाडी घ्यावा. राखाडीतून रंग जसेच्या तसे दिसतात, तपकिरीतून रस्त्यावरचे खड्डे आणि कडा अधिक उठून दिसतात, आणि आपल्या रस्त्यांचा विचार करता माझे मत तपकिरीकडे झुकते. निळ्या-गुलाबी काचा नकोत, त्यांतून सिग्नलचे रंग बदलतात. फ्रेमच्या काड्या पातळ असाव्यात. रुंद काडी फॅशनला शोभते, पण बाजूने येणारी दुचाकी झाकते.

आपल्या जागी मी असतो तर मायनस सव्वाच्या नंबरची, तपकिरी, पोलराइज्ड, सुमारे वीस टक्के प्रकाश सोडणारी काच पातळ काड्यांच्या, बऱ्यापैकी मोठ्या फ्रेममध्ये बसवून घेतली असती. साध्या चष्म्यावर लावायची क्लिप स्वस्त पडते, पण दोन काचांच्या मध्ये नवे प्रतिबिंब तयार होते, म्हणून ती तात्पुरती सोय समजावी. रात्रीसाठी पिवळ्या काचा विकल्या जातात, त्या घेऊ नका. बोस्टनच्या शेपेन्स नेत्रसंशोधन संस्थेने २०१९ साली ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर तपासले, तेव्हा समोरच्या हेडलाइटच्या झगमगाटात पायी चालणारा माणूस ओळखायला त्यांची काहीच मदत झाली नव्हती. आपला नेहमीचा पांढरा चष्मा हात सहज पोहोचेल अशा जागी ठेवा. हिवाळ्यात परतताना बदनापूरच्या आसपास सूर्य बुडाला की गाडी बाजूला घेऊन गॉगल काढा आणि तो चष्मा लावा, कारण त्याच वेळी, उसाच्या हंगामात, मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात.