‘सोमवारी बँकेत जाऊन बघतो’

फोनवरून होणाऱ्या क्रेडिट कार्डाच्या फसवणुकीवर मागे या सदरात लिहिलं, तेव्हा वाटलं होतं की आता वर्षभर तरी हा विषय नको. टपालात पुन्हा तेच. पेठा बदलतात, रकमा बदलतात, भामट्याचं पहिलं वाक्य तेवढं बदलत नाही : ‘सर, बँकेच्या कार्ड विभागातून बोलतोय.’ मी त्याच विभागात नोकरी करून निवृत्त झालो. आमच्याकडे इतक्या अदबीने कुणी बोलत नसे, यावरूनच खरं तर लोकांना संशय यायला हवा.

प्रश्न : अनोळखी नंबरचा फोन नुसता उचलला तरी पैसे जातात, असा मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय. खरं आहे का? (जुळे सोलापूर)

नाही. फोनवर तुम्ही जे सांगता, दाबता किंवा डाउनलोड करता, त्याने पैसे जातात. तो मेसेज तुम्हीही पुढे ढकलला असेल तर खोडून टाका.

प्रश्न : फोन करणाऱ्याला माझं पूर्ण नाव, बँक आणि कार्डाचे पहिले सहा आकडे बिनचूक माहीत होते. बँकेतला माणूस असल्याशिवाय हे कसं शक्य आहे? (होटगी रोड)

ते सहा आकडे तुमचे नाहीतच. ते बँकेचे आणि कार्डाच्या प्रकाराचे असतात. त्याच बँकेचं तसंच कार्ड घेतलेल्या हजारो लोकांच्या कार्डावर तेच छापलेले असतात. व्हिसाचं प्रत्येक कार्ड ४ ने सुरू होतं, मास्टरकार्ड बहुधा ५ ने. ही काही गुप्त माहिती नव्हे. राहिलं नाव आणि मोबाइल नंबर. प्रदर्शनातला लकी ड्रॉ, दुकानातलं ‘मेंबरशिप’चं कार्ड, कर्जाची सहज केलेली चौकशी, गाडी घेताना भरलेले फॉर्म. कुठून कुठे याद्या विकल्या जातात ते शोधत बसू नका.

सहा आकडे त्याने म्हणून दाखवायचे आणि उरलेले तुम्ही ‘खात्रीसाठी’ सांगायचे, एवढाच डाव आहे. मग कार्डाची मुदत संपायची तारीख, सीव्हीव्ही (कार्डाच्या पाठीवरचे तीन आकडे) आणि शेवटी ओटीपी. बँकेचा माणूस हे मागत नाही. सेवेसंबंधीच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारे आणि जाहिरातीच्या फोनसाठी १४० ने सुरू होणारे नंबर वापरा, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलंय. पण स्क्रीनवर दिसणाऱ्या नंबरवरही डोळे मिटून विसंबू नका. फोन ठेवा आणि कार्डाच्या पाठीवर छापलेल्या नंबरला आपणहून लावा. खरंच काही काम असेल तर तिथे कळेल.

प्रश्न : ‘तुमचे ९,८०० रिवॉर्ड पॉइंट आज रात्री १२ वाजता संपणार’ असा फोन आणि पाठोपाठ लिंक आली. उघडून बघू का? (बार्शी)

नको. पॉइंट किती आहेत ते बँकेच्या ॲपमध्ये दिसतं.

प्रश्न : शनिवारी संध्याकाळी ‘कार्डाचं लिमिट वाढवून देतो’ म्हणून फोन आला. गडबडीत ओटीपी सांगितला, ४८ हजार गेले. रविवारी बँक बंद, म्हणून सोमवारी शाखेत गेलो. तीन दिवसांच्या आत कळवलंय, म्हणजे पैसे परत मिळायलाच हवेत ना? (कापड व्यापारी, चाटी गल्ली)

‘मिळायलाच हवेत’ असं नाही. आणि इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण ‘तीन दिवस’ या अर्धवट ऐकीव गोष्टीवर विसंबून शांत बसलेली माणसं मी काउंटरच्या आतून पाहिलीत.

तो नियम ६ जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकातला. चूक बँकेची असेल तर ग्राहकाला एक पैसाही भुर्दंड नाही. चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, म्हणजे माहिती तिसरीकडेच फुटली, तर बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं की तुमच्यावर काही येत नाही. चार ते सात दिवस लावलेत तर पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डाला जास्तीत जास्त १०,००० आणि त्यापुढच्या कार्डाला २५,००० रुपयांपर्यंत झळ बसू शकते. त्याहून उशीर झाला की ज्या-त्या बँकेचं धोरण.

पण ओटीपी आपल्या तोंडाने सांगितला असेल, तर आपण या खणात नाहीच. ग्राहकाचा निष्काळजीपणा असेल तेव्हा बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं आणि कळवल्यानंतर जे होईल ते बँकेचं, असं त्याच परिपत्रकात पुढे लिहिलंय. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मजकुरात नेमका हा भाग गाळलेला असतो. म्हणजे तीन दिवसांची सवलत ज्याने काही दिलं नाही त्याला. तुमचं घड्याळ शनिवारी संध्याकाळी त्याच मिनिटाला सुरू झालं होतं.

तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही. ४८ हजार एका फटक्यात गेले की दोन-तीन वेळा? भामटा सहसा एकदाच थांबत नाही. ‘सर, ट्रान्झॅक्शन फेल झालं, आता दुसरा नंबर येईल तो सांगा’ असं म्हणत तो कार्ड पिळून काढतो. शनिवारी संध्याकाळपासून सोमवारी शाखेचं शटर वर जाईपर्यंत तुमचं कार्ड चालू होतं! त्याला तुम्ही दीड दिवसाहून जास्त वेळ उघडी तिजोरी दिलीत. शुक्रवारी संध्याकाळी, दुसऱ्या-चौथ्या शनिवारच्या आदल्या दिवशी, सणाला जोडून सुट्टी असेल तेव्हा असे फोन येतात ते उगाच नाही.

कार्ड बंद करायला शाखा लागत नाही, हे किती वेळा लिहू? कार्डाच्या पाठीवरचा नंबर चोवीस तास चालतो. ॲपमध्ये कार्ड बंद करायची सोय असते. तक्रार नोंदवायची सोय दिवसरात्र ठेवणं बँकेवर बंधनकारक आहे. तक्रार केली की तिचा क्रमांक आणि वेळ कागदावर लिहून घ्यायची. ते झालं की लगेच १९३० ला फोन. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन. पैसे जिथे पोचलेत तिथे ते शिल्लक असतील तर गोठवायची धडपड तिथून सुरू होते. क्रेडिट कार्डाचे पैसे एखाद्या वॉलेटमध्ये जातात, गिफ्ट व्हाउचर होतात, नाहीतर त्यांचा महागडा मोबाइल मागवला जातो. ऑर्डर गोदामाबाहेर पडण्याआधी कळलं तर ती थांबू शकते. सोमवारी तो मोबाइल कुणाच्या तरी खिशात असतो.

उशीर का होतो, तेही मला ठाऊक आहे. बँक बंद होती हे निमित्त. खरं कारण लाज. आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त गुरुजींनी अशी गोष्ट बायकोपासून दोन दिवस लपवली होती. सायबर पोलिसांकडे जायचं तर पोरगा बरोबर हवा, पोराला सांगायचं तर तोंड हवं. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेला माणूस, त्याला आपलंच गणित चुकल्याचं सांगवेना. मला सांगितलं तेही इतक्या हळू, की मला दोनदा विचारावं लागलं. तोवर जे जायचं ते गेलं होतं.

आता तुम्ही काय करायचं? शाखेत नुसतं तोंडी बोलला असाल तर आजच लेखी द्या आणि पोच घ्या. १९३० वर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. आयुक्तालयाच्या सायबर पोलीस ठाण्यात स्टेटमेंट, मेसेज आणि कॉलची नोंद घेऊन जा. शहराबाहेर राहणाऱ्यांनी ग्रामीण पोलिसांकडे जावं, पण हद्द कुणाची या वादात दिवस घालवू नये. बिल आलं की ‘वाद चालू आहे’ म्हणून ते परस्पर टाकून देऊ नका. किती भरायचं, वादातली रक्कम बाजूला ठेवणार का, हे बँकेकडून लेखी घ्या, नाहीतर व्याज चढेल आणि सिबिलला, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीला, डाग लागेल तो वेगळाच.

आणखी एक. ‘ओटीपी दिलाच नाही असं लिहून द्या, पैसे सुटतील’ असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल, कदाचित दिलाही असेल. ऐकू नका. निष्काळजीपणा सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे हे खरं, पण ओटीपी कधी गेला, कुठे टाकला गेला, त्या वेळी तुम्ही कुणाच्या फोनवर होतात याच्या नोंदी निघतात. खोटं पकडलं गेलं की खरी बाजूही कुणी ऐकत नाही. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला शुल्क नाही. रक्कम तुमच्या दृष्टीने मोठी असेल तर त्याआधी एखाद्या वकिलाला कागद दाखवा.

प्रश्न : कार्ड माझ्या खिशात, फोन हातात, ओटीपी आलाच नाही. तरी डॉलरमध्ये खर्च दिसतोय. (विजापूर रोड)

परदेशातल्या बऱ्याच वेबसाइट ओटीपी विचारत नाहीत. कार्ड नंबर, तारीख आणि सीव्हीव्ही मिळाला की त्यांचं भागतं. ओटीपीची सक्ती आपल्याकडची. तुम्ही कुणाला फोनवर ‘नुसती’ कार्डाची माहिती दिली होती का, आठवून बघा. ‘ओटीपी तर नाही ना दिला’ म्हणून माणसं निर्धास्त राहतात.

ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर आणि ऑनलाइन वापर वेगवेगळे बंद-चालू करता येतात, मर्यादाही ठरवता येते. ऑक्टोबर २०२० पासून ही सोय सगळ्या बँकांना द्यावी लागते. परदेशी जायचं नसेल तर ते बटण बंद ठेवा. कुणाला काही सांगितलं नसेल तर तीन दिवसांचा नियम तुमच्यासाठीच आहे. तरी आजच कळवा.

प्रश्न : रद्द झालेल्या तिकिटाचे पैसे येईनात म्हणून गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधला. त्यांनी एक ॲप घ्यायला लावलं, त्यात त्यांना माझी स्क्रीन दिसते. अजून पैसे गेले नाहीत. ॲप काढून टाकलं तर पुरे ना? (सैफुल)

पुरे नाही. आधी फोनचं इंटरनेट बंद करा. मग घरातल्या दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून कार्ड आणि नेटबँकिंग थांबवा. पासवर्ड बदलायचे तेही दुसऱ्याच फोनवरून. त्यानंतर ते ॲप काढा, आणि शक्य असेल तर माहितगार माणसाकडून फोन पूर्ण रीसेट करून घ्या. कोपऱ्यावरच्या ‘पाच मिनिटांत करून देतो’वाल्याला पासवर्ड लिहून देऊ नका, हेही सांगावं लागतं.

शोधून सापडलेला नंबर कुणीही टाकलेला असू शकतो. पैसे देऊन तो सगळ्यात वर आणता येतो. व्हॉट्सॲपवर ‘वाहतूक चलन’ किंवा ‘लग्नपत्रिका’ म्हणून येणाऱ्या एपीके फाइलींचाही (उघडली की फोनमध्ये ॲप बसवणाऱ्या) हाच धंदा. आजकाल लग्नपत्रिका उघडायलाही भीती वाटते, काय करायचं!

प्रश्न : माझ्या कार्डावर आईसाठी ॲड-ऑन कार्ड घेतलंय. तिला हिंदी येत नाही म्हणून मी निश्चिंत होतो, पण परवा तिला चक्क तेलुगूत फोन आला. (अशोक चौक)

येणारच. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, आणि दखनीतही. भामट्यांनाही माणसं नोकरीला ठेवता येतात. आपल्या भाषेत ‘अम्मा’ म्हणून हाक आली की आई विरघळते आणि त्याला तेवढंच हवं असतं. आईला नियम भरपूर शिकवू नका, एकच सांगा : पैशाचं बोलणं निघालं की फोन ठेवायचा आणि तुम्हाला लावायचा. ॲड-ऑनचं बिल तुमच्यावर येतं. त्याची मर्यादा किराण्यापुरती करा आणि ऑनलाइन वापर बंद ठेवा. कसं करायचं ते बँकेत विचारा.

प्रश्न : खुद्द बँकेकडूनच ‘कार्ड सुरक्षा योजना’ घ्या म्हणून सारखे फोन येतात. घ्यावी का? (रेल्वे लाइन्स)

हे भामटे नाहीत, पण यांचाही मला राग येतो. तुमची भीती वाढवायची आणि तिचाच हप्ता लावायचा. कार्ड बंद करणं, मर्यादा लावणं, तक्रार नोंदवणं हे सगळं फुकट आहे. ओटीपी स्वतः सांगितला तर त्या योजनेतून भरपाई मिळते का, हे फोन करणाऱ्या मुलीला विचारा आणि उत्तर लेखी मागा. ती बहुधा ‘बघून सांगते’ म्हणेल. फोनवर ‘हो, हो’ म्हणत राहू नका, त्या ‘हो’ची संमती होते. न मागता नवं कार्ड गळ्यात मारलं आणि त्याचं बिल लावलं, तर ते रद्द करून दुप्पट दंड बँकेने तुम्हाला द्यायचा असतो. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कागद जपून ठेवा.

प्रश्न : कुरिअरवाला म्हणून एकाने ४०१ ने सुरू होणारा नंबर लावायला सांगितला. मी लावला. (मोहोळ)

कॉल त्याच्याकडे वळवण्याचा प्रकार आहे. ##००२# लावा, वळवलेले सगळे कॉल रद्द होतात. मग मोबाइल कंपनीकडून खात्री करून घ्या आणि बँकेलाही सांगा.

प्रश्न : गेलेल्या रकमेच्या २० टक्के आगाऊ दिल्यास सायबर सेलमधून पैसे सोडवून देतो, असं एकजण म्हणतोय. (पंढरपूर)

दुसऱ्यांदा लुबाडले जाताय. त्याचा नंबर पोलिसांना द्या.

प्रश्न : वडिलांना तुमच्याशी प्रत्यक्ष बोलायचंय. फोन नंबर द्याल का? (कुमठा नाका)

नाही. आणि या सदराच्या नावाने कुणी फोन केला तर तो मी नसेन. वडिलांना स्टेटमेंट घेऊन बँकेत पाठवा, तुम्हीही बरोबर जा, आणि हे वाचताय तो दिवस शनिवार असेल तर सोमवारची वाट न बघता आधी कार्डाच्या पाठीवरचा नंबर लावा.