12 वर्षं जुनी ऑटोमॅटिक एसयूव्ही धक्के देते, गिअरबॉक्स बदलू की गाडी विकू?

डी, म्हणजे पुढे जायचा गिअर, टाकला की दणका बसतो, साठच्या आसपास गाडी थरथरते, गॅरेजवाला म्हणतो गिअरबॉक्स गेला, एवढं लिहिलंत. गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं ते नाही लिहिलंत. या वयाच्या गाडीच्या मालकाला विचारलं की हमखास उत्तर येतं, ते बदलायचं नसतंच. साफ खोटं. चोर्ला, आंबोलीसारखे घाट चढणाऱ्या गाडीचं तर लवकर जळतं, कारण कमी वेगात जोर लावताना टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) सगळ्यात जास्त तापतो.

आमची गोव्याहून बेळगावला येताना चोर्ला घाटात, केरीच्या वरच्या वळणांवर ओढेनाशी झाली. इंजिन बोंबलतंय, गाडी जाग्यावर. बाजूला घेऊन बंद केली. दाजी जांबोटीकडचे, म्हणून त्यांना फोन. पिकअप आणि दोर घेऊन हजर! "न्यूट्रल कर आन टोचन लाव. बेळगावपर्यंत नेतो की आरामात." म्हटलं, नको दाजी, फ्लॅटबेड बोलवू या, गाडी पाठीवर चढवून नेणारा ट्रक. झालं. भर पावसात, मागून ट्रकवाले हॉर्न मारतायत आणि आमचं भांडण. "40 वर्षं ट्रॅक्टर ओढलेत मी!" ट्रॅक्टर ओढा हो. ऑटोमॅटिकमध्ये ऑइल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरतायत, म्हणजे आतले गिअर कोरडेच फिरणार. घाटापासून बेळगावपर्यंत काय उरलं असतं? त्यांना हे तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही.

फ्लॅटबेडवाल्याने रात्रीचे जादा पैसे लावले, दिले. शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपने पॅन, म्हणजे गिअरबॉक्सखालचं ऑइलचं तसराळंसुद्धा न उघडता अडीच लाखांचं कोटेशन हातात ठेवलं. गाडी तिथून उचलून बेळगावच्याच उद्यमबागेत एका गिअरबॉक्सवाल्या अण्णांकडे नेली. त्यांनी खालून बॅटरी मारली आणि म्हणाले, "ऑइल कुठं हाय ह्यात?" ते ऑइल थंड करणाऱ्या कूलरचा रबरी पाइप जोडापाशी झिरपत होता. पाइप, फिल्टर, नवं ऑइल, बस्स. पॅनमधल्या चुंबकावर नुसता राखाडी चिखल, तुकडे नाहीत. गाडी अजून दारात आहे आणि आंबोली चढते.

दाजी मात्र प्रत्येक लग्नात सांगतात, "गिअरबॉक्सला काय झालंच नव्हतं, फुकट पैसे घातले ह्याने." अहो, ओढून नेली नाही म्हणूनच काही झालं नाही!

तुमचं म्हणाल तर हलक्या ॲक्सिलरेटरवरची थरथर बहुतेक लॉक-अप क्लचची, म्हणजे वेग आला की कन्व्हर्टरला इंजिनशी थेट जोडणाऱ्या क्लचची. कधी कधी नुसत्या ऑइलने जाते. एकदा काढून सगळं निघत नाही, बरंच कन्व्हर्टरमध्ये राहतं, म्हणून थोडं चालवून पुन्हा बदला. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच घाला. ऑइल दुधाळ गुलाबी निघालं तर रेडिएटरच्या कूलरमधून कूलंट शिरलंय, मग चावीला हात लावू नका. काळं, जळक्या वासाचं आणि पॅनमध्ये लोखंडाचे तुकडे असतील तर तुमचा गॅरेजवाला खरं बोलतोय, ऑइलचे पैसे घालू नका. विकायची की नाही ते तुमचं तुम्ही बघा. बंद पडली तर मात्र फ्लॅटबेडच, दाजी कितीही जवळ राहत असले तरी.

आणि हो, हे सगळं टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाडीचं. सीव्हीटी (ठरावीक गिअरांऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणारी ऑटोमॅटिक) असेल तर तिचं ऑइल वेगळं असतं, साधं एटीएफ, म्हणजे नेहमीचं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, ओतू नका.