सॉलिडमधल्या हाय हार्मोनिक्सवर (लेझरच्या कित्येक पट फ्रीक्वेन्सीचा प्रकाश) काम सुरू करतोयस? मग हे आधी वाच

अरे पहिल्याच महिन्यात थेट हबर्ड मॉडेलच्या (इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात ते धरणारं मॉडेल) नादी लागू नकोस. आधी 2011 चा झिंक ऑक्साइडवाला प्रयोग नीट वाच, मिड-इन्फ्रारेड लेझर मारून क्रिस्टलमधून हार्मोनिक्स काढले होते तो, मग सेमीकंडक्टर ब्लॉख इक्वेशन्सचा (लेझरखाली बँडमधले, म्हणजे ऊर्जेच्या पट्ट्यांमधले, इलेक्ट्रॉन कसे हलतात ते सांगणारी समीकरणं) साधा दोन बँडचा कोड स्वतः लिही, कुणाचा आयता घेऊ नकोस.

आता खरी गोची. कोड चालवलास की स्पेक्ट्रममध्ये नुसता कचरा दिसेल, पीक्स वेगळे येणारच नाहीत, मग सगळे करतात तेच तूही करशील, डीफेजिंग टाइम (इलेक्ट्रॉनच्या लहरींचा ताळमेळ टिकतो तेवढा वेळ) 1-2 फेम्टोसेकंद टाकशील आणि पीक्स एकदम चकाचक. पण इतका कमी टाइम येतो कुठून? इलेक्ट्रॉन एकमेकांवर आपटतात म्हणून, असं सांगून लोक मोकळे होतात. ते पूर्ण खरं नाही, लेझर क्रिस्टलमधून जाताना होणारा प्रोपगेशनचा इफेक्ट घेतला तरी स्पेक्ट्रम बराच साफ होतो. त्यामुळे तो आकडा भौतिकी समजून पेपरात मिरवू नकोस.

इलेक्ट्रॉनांचं आपसातलं इंटरॅक्शन खरंच बघायचं तर मॉट इन्सुलेटर घे, इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात म्हणूनच ज्यातून वीज वाहत नाही असा पदार्थ. तिथे बँडचं चित्रच कोलमडतं, प्रकाश येतो डबलॉन (दोन इलेक्ट्रॉन बसलेली जागा) आणि होलॉन (रिकामी जागा) एकत्र येऊन नाहीसे होतात तेव्हा. कॅल्शियम रुथेनेट (असाच एक मॉट इन्सुलेटर) थंड केलं की गॅप (इलेक्ट्रॉन उठवायला लागणारी किमान ऊर्जा) वाढते, म्हणजे हार्मोनिक्स कमी व्हायला हवेत ना? उलट शेकडो पटीने वाढतात! साध्या बँड थिअरीने हे सांगून दाखव बरं.

आणि हो, अणूंच्या छोट्या चेनवर एक्झॅक्ट डायगोनलायझेशन (हबर्ड मॉडेल काटछाट न करता पूर्ण सोडवणं) केलंस तर साइट्स (चेनमधल्या जागा) वाढवून रिझल्ट हलतो का ते बघच, गाइड पहिला प्रश्न तोच विचारतात.