बारा खोड, दहा लिही

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

भाड्यानं द्यायला फ्लॅट घ्यायचा म्हणून शनिवारी तू ब्रोशरच्या मागच्या कोऱ्या पानावर 12 हजार भाडं गुणिले 12 महिने केलंस, तेव्हाच मी बोलायला हवं होतं. तुझ्या आईसमोर तुला तोडायला नको म्हणून गप्प बसलो, आणि रात्री झोप लागेना.

घर घे की नको, ते मी सांगत नाही. बारा खोड आणि दहा लिही. वर्षाचं भाडं दहा महिन्यांचंच धरायचं.

आता गणित. 40 लाखांचा फ्लॅट, 30 लाख कर्ज, साडेआठ टक्के, 20 वर्षं: हप्ता 26 हजारांच्या आसपास. म्हणजे वर्षाला 3 लाख 12 हजार, आणि दहा महिन्यांचं भाडं 1 लाख 20 हजार. मेंटेनन्सचे दीड हजार धरलेस, तर दर महिन्याला साडेसतरा हजार तुझ्या पगारातून. भाड्यातून हप्ता निघतो म्हणणाऱ्या त्या सेल्सच्या पोराला हे दाखव. गुजरातेत स्टँप ड्युटी 4.9 टक्के आहेच. घर तुझ्या एकटीच्या नावावर असेल तर नोंदणी फीचा 1 टक्का माफ, एवढं मात्र तो खरं बोलला. पण टॅक्स वाचतो म्हणाला ते अर्धवट. नव्या करप्रणालीत व्याज भाड्यातून वजा होतं. तोटा उरला तर तो पगारातून वजा होत नाही.

दहा का, ते ऐक. इथे बडोद्यात वाघोडिया रोडला माझा दोन खोल्यांचा फ्लॅट. एक शिक्षक राहायचे, भाडं साडेसात हजार, पाच तारखेला सकाळी हजर. अकरा महिन्यांचा करार संपला तेव्हा मी साडेआठ मागितले. वर्षाला 12 हजार जास्त, असा माझा हिशोब. ते काही बोलले नाहीत. दिवाळीनंतर चावी आणून दिली. पाच महिने घर रिकामं. 12 हजारांच्या नादात साडेसदतीस गेले, वर रंग, वर दलाली. दर रविवारी स्कूटरवरून जायचो, नळ सोडायचो, कारण नहाणीच्या जाळीखालचं पाणी सुकलं की वास यायचा. संडासाच्या खिडकीत कबुतरानं घरटं केलं, त्यात अंडी. काढवेना, राहू दिलं. म्हणजे राहात होतं कोणीतरी, बिनभाड्याचं! मग कॉलेजची पोरं आली. ती मे महिना लागला की गावी. दहा म्हणतो ते याच्यासाठी. चांगला भाडेकरू असेल तर भाड्यातले पाचशे सोड, पण भाड्याचा महिना सोडू नकोस. हे मला कोणी सांगितलं नव्हतं असंही नाही. तुझ्या काकूनं सांगितलं होतं.

तळमजला स्वस्त पडतो म्हणालीस. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी चढली तेव्हा समा भागात माझ्या मित्राच्या घरात स्विचबोर्डच्या वर चिखलाची रेघ उठली होती. रंग दोनदा दिला, पावसाळ्यात अजून पिवळी उमटते. भाडेकरू तिसऱ्या दिवशी गेला. सोसायटीच्या ऑफिसात विचारू नकोस, नाक्यावरच्या पानवाल्याला विचार, 2019 ला पाणी कुठवर होतं आणि 2024 ला कुठवर. हात लावून दाखवेल.

बाकीचं तुला कळतंच. बी.यू. परमिशन, म्हणजे इमारत वापरायची परवानगी, हातात आल्याशिवाय पझेशन नको, भाडेकरूची पोलिसात नोंद, दोन महिन्यांचं डिपॉझिट. या गोष्टींत कोणी बुडत नाही गं. बुडतात ते बारा लिहून.

काकू म्हणते, फ्लॅट विका, एफडीत ठेवा. तिचं गणित बरोबर आहे, मीच पडताळून पाहिलंय. तरी विकत नाही. माझे वडील दांडिया बाजारातल्या वाड्यात जन्मभर भाड्यानं राहिले. मालकाच्या जिन्यावर पावलं वाजली की आवाज खाली करायचे. ती किल्ली माझ्या खिशात असली की मला बरं वाटतं. याची किंमत मी भरतोय आणि भरणार. पण माझ्यावर 30 लाखांच्या कर्जाचा हप्ता नव्हता, तुझ्यावर असेल. म्हणून हा हट्ट माझ्याकडून उचलू नकोस.

टोकनचा चेक सोमवारी देणार म्हणालीस. रविवारी आधी इकडे ये. ब्रोशर आण, चेकबुक घरी ठेव. लीलो चेवडो आणून ठेवतो.

तुझा काका