पेशीचक्र पुढेच का जातं, मागे का फिरत नाही?

प्रथिनाला फॉस्फेट लावणं म्हणजे दिव्याचं बटण, चालूही होतं नि बंदही. प्रथिन तोडून टाकणं म्हणजे परतीचे दोर कापणं. पेशीचक्रात, म्हणजे एका पेशीच्या दोन होण्याच्या टप्प्यांत, पेशी दोन्ही वापरते.

यीस्टचं उदाहरण घ्या. जी-१ टप्प्यात (डीएनएची प्रत काढण्याआधी) सिक-१ हे प्रथिन एस टप्प्याच्या (प्रत काढण्याच्या) सायक्लिन-सीडीके जोडीला दाबून धरतं. सीडीके म्हणजे फॉस्फेट लावणारं एन्झाइम, सायक्लिन म्हणजे त्याला चालू करणारं प्रथिन. जी-१ची सायक्लिन-सीडीके सिक-१वर फॉस्फेट चिकटवत जाते. एखाददुसऱ्याने भागत नाही. पुरेसे चिकटले की मगच एससीएफ हे प्रथिनांचं यंत्र त्याला पकडून युबिक्विटिनची साखळी, म्हणजे ‘तोडून टाका’ अशी खूण, लावतं आणि प्रोटिअसोम हे पेशीतलं प्रथिनं तोडणारं यंत्र त्याचा फडशा पाडतं. लगेच डीएनएची प्रत काढायला सुरुवात. आता नुसते फॉस्फेट काढून काय उपयोग, सिक-१च उरलेलं नाही!

विभाजनाच्या शेवटी हेच काम एपीसी हे तशीच खूण लावणारं दुसरं यंत्र करतं: अडवून धरणारं सिक्युरिन हे प्रथिन संपलं की क्रोमॅटिड (क्रोमोसोमच्या जुळ्या प्रती) सुटतात, सायक्लिन-बी संपलं की विभाजन चालवणारं सीडीके-१ थंडावतं. ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ टिम हंट यांना १९८२ साली सी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या अंड्यांत दर विभाजनाला गायब होणारं प्रथिन दिसलं, ते सायक्लिनच. २००१च्या नोबेलमध्ये ते वाटेकरी होते.

पाठ्यपुस्तकातलं गोल चाक त्यामुळे मला जरा फसवं वाटतं. खटका असलेलं, एकाच दिशेने फिरणारं दातेरी चाक काढायला हवं होतं.